गाडीला दम लागतो तेव्हा

‘गाडी उचलत नाही.’ द्रोणागिरी, उरण, करंजा, जासई या पट्ट्यातल्या किती घरांत हे तीन शब्द रात्रीच्या जेवणाच्या वेळी ऐकू येतात! ज्या घरातला कमावता माणूस ट्रेलर, टेम्पो किंवा पिकअप चालवतो, त्या घरात हे वाक्य ‘तब्येत बरी नाही’ याच सुरात बोलले जाते. बायको विचारते, ‘म्हणजे किती खर्च?’ आणि पुढचे जेवण गप्प होते. हप्ता पाच तारखेला, मुलांची फी दहा तारखेला. इकडे गाडी मात्र चढावर दुसऱ्या गिअरवर रांगते, मागून काळा धूर सोडते आणि लिटरमागे पूर्वीपेक्षा किलोमीटर-दीड किलोमीटर कमी चालते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा, चाचा नाहीतर मामू याच गाड्यांच्या आधाराने घर चालवतात, त्यामुळे इंजिन हा विषय आमच्याकडे पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही. या लेखात मला एका झडपेबद्दल सांगायचे आहे. पिकअपसारख्या गाडीत ती दोन मुठींएवढी असेल. पण ती काजळीने चोंदली की लाखो रुपयांच्या गाडीला दमेकऱ्यासारखी धाप लागते. तिची साफसफाई बहुतेक वेळा एका दिवसाचे काम असते. तरीही तिच्यापायी लोक टर्बो बदलतात, नोझल बदलतात, पंप खोलतात आणि शेवटी नातेवाइकांकडे उसने मागायला जातात.

आधी नावाचा घोळ मिटवू या, कारण खिसा कापला जातो तो इथेच. गॅरेजात ‘एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह’ असे म्हणतात तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात. पहिला म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरचा खराखुरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. डिझेल जळून झाले की तो उघडतो आणि धूर बाहेर सोडतो. करंजाच्या जेट्टीवरच्या जुन्या मच्छीमार बोटींच्या इंजिनांत त्रास होतो तो याचा. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कार्बन साचतो, व्हॉल्व्ह घट्ट बसत नाही, दाब गळतो आणि बोट पाणी कापेनाशी होते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनाचे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवण्याची कामे निघतात. हे मोठे काम आहे, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

दुसरा अर्थ म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. हा इंजिनाच्या पोटात नसतो, बाहेरच्या बाजूला बोल्टांनी बसवलेला असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडासा वाटा परत इंजिनाच्या हवेच्या नळीत सोडणे हे याचे काम. गेल्या काही वर्षांतल्या ट्रक, पिकअप आणि डिझेल मोटारींत बहुधा हाच असतो आणि तोच चोंदतो. तेव्हा कुणी ‘तुमचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गेला’ असे सांगितले, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणता? हेड उतरवायचे आहे की बाहेरचे चार बोल्ट? दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता मुले वर्गात विचारतात तोच प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. जो धूर बाहेर टाकायचा, तो परत इंजिनाला का पाजायचा?

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि २१ टक्के ऑक्सिजन. नायट्रोजन हा शांत स्वभावाचा वायू, सहसा कुणाच्या अध्यात-मध्यात पडत नाही. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमधली आच दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेली की हाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायू डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतात, दमा असलेल्यांचा त्रास वाढवतात, आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. यावर उपाय म्हणजे आच थोडी कमी करणे. चुलीवर स्वयंपाक केलेल्या आपल्या दादीला, नानीला हे शिकवावे लागले नसते. आच फार झाली की त्या निखाऱ्यांवर राख ओढत. ईजीआर हेच करतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन थोडा असतो. तो ताज्या हवेत मिसळला की सिलिंडरमधली आग जरा मंद होते आणि नायट्रोजनला पेटायची संधी मिळत नाही.

हा व्हॉल्व्ह सतत उघडा नसतो. गाडी संथ चालत असते, इंजिनावर फार ओझे नसते, तेव्हा तो उघडतो. चढ आला, पाय दाबला, इंजिनाला पूर्ण दम हवा असला, की तो मिटतो आणि सगळी ताजी हवा आत जाते. कधी किती उघडायचे हे गाडीतला संगणक ठरवतो.

गोची अशी की धुराबरोबर काजळीही येते. तिकडे इंजिनाच्या तळाशी जे ऑइल असते, त्याची गरम वाफही एका नळीने हवेच्या वाटेत सोडलेली असते. सुकी काजळी आणि तेलकट वाफ एकत्र आली की काय होते, हे पाहायला गॅरेजात जायची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरून बोट फिरवा. तेच ते चिकट, काळे किटण. ईजीआर व्हॉल्व्हवर आणि त्याच्या पुढच्या मॅनिफोल्डमध्ये ते थरावर थर बसते. मी स्वतः पाहिलेल्या एका मॅनिफोल्डच्या तोंडात तीन बोटे जायला हवी होती, तिथे जेमतेम एक जात होते. मग व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहूनच अडकतो. चढावर ताज्या हवेऐवजी इंजिन स्वतःचाच धूर ओढत राहते, डिझेल पुरते जळत नाही आणि मागून काळा लोट निघतो. कधी उलटेही होते. व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकतो. तेव्हा ओढ फारशी कमी होत नाही, पण समोर पिवळा चेक लाइट पेटतो आणि न दिसणारा विषारी वायू वाढतो.

आपल्याकडे हा सगळा खटाटोप आला तो भारत स्टेजच्या नियमांमुळे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाले. त्याआधी तीन दिवस सर्वोच्च न्यायालयाने जुन्या बीएस-३ गाड्यांची विक्री त्या तारखेपासून थांबवण्याचा आदेश दिला होता आणि शोरूममध्ये शेवटच्या दोन दिवसांत उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. मोठ्या ट्रकांच्या बाबतीत तेव्हा कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. टाटाने युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी दिली आणि सायलेन्सरमध्येच धुरावर उपचार करायचे ठरवले. अशोक लेलँडने टाकीची कटकट नको म्हणून सुधारित ईजीआरची वाट निवडली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरले आणि आता पुष्कळ गाड्यांत ईजीआर, काजळी अडवणारी जाळी आणि युरियाची टाकी असे तिन्ही एकत्र दिसतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, तेव्हा इथे मिठागरे आणि भातशेती होती. आज हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०२३-२४ या एका वर्षात इथून वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने ६४ लाखांहून अधिक डबे हलले. त्यातले बहुतेक रस्त्याने येतात आणि जातात. द्रोणागिरी नोडभोवतीची कंटेनर यार्डे, करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा ही नावे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. इथल्या ड्रायव्हरची गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त. यार्डातून बंदराच्या गेटपर्यंत काही किलोमीटर जायचे, रांगेत थांबायचे, दहा फूट सरकायचे, पुन्हा थांबायचे. इंजिन मात्र चालूच, कारण बंद केले की पुढचा सरकतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. केबिनमध्ये एसी असेल तर मे महिन्यात कोण बंद करील? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचे झाले आहे. ड्रायव्हरच्या जिवाला तो दिलासाच आहे, पण रांगेतले इंजिन त्यामुळे आणखी चालू राहणार हेही खरे.

मोठे इंजिन नुसते उभे राहून चालले तरी तासाला लिटर-दोन लिटर डिझेल पिते. त्यापेक्षा वाईट म्हणजे असे इंजिन पुरते तापत नाही. धूर थंड असतो, काजळी जळून जात नाही आणि नेमका याच वेळी ईजीआर उघडा असतो. पुणे-कोल्हापूर हमरस्त्यावर दिवसभर पळणाऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह स्वच्छ राहतो आणि त्याच साली घेतलेल्या, बंदरात फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा चोंदतो, तो यामुळे. ड्रायव्हरच्या हातापायाला दोष देण्याआधी रांगेकडे पाहावे असे माझे मत आहे.

आमच्या घरातलेच उदाहरण सांगते. माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, करंजाहून मासळी आणि बर्फ वाहतात. पाच-सहा वर्षांची बीएस-४ पिकअप. गेल्या हिवाळ्यात ती उचलेनाशी झाली. एका गॅरेजने (नाव कशाला घ्यायचे?) दहा मिनिटांत सांगितले की टर्बो गेला. टर्बोची किंमत ऐकून भाभींनी दोन दिवस कुणाशी धड बोलणे केले नाही. मग कुणीतरी आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग उस्तादांकडे जायला सांगितले. मी मुद्दाम बरोबर गेले. उस्तादांनी बॉनेट उघडायच्या आधी सात-आठ प्रश्न विचारले. धूर काळा की पांढरा की निळा? थंड असताना जास्त त्रास की गरम झाल्यावर? उभी असताना इंजिन थरथरते का? ऑइल कधी बदलले, कोणते टाकले? पाणी कमी होते का? दिवसाला किती किलोमीटर, आणि एकदम सलग किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘सलग पंधरा-वीस’ असे आल्यावर ते जरा हसले.

मग त्यांनी स्वस्तापासून महागाकडे असा क्रम धरला, आणि वाचक भगिनींनो, घरातल्या पुरुषांना ही एवढी गोष्ट जरूर सांगा. आधी एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरला. मग डिझेल फिल्टर. मग टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळ्यांवर हात फिरवून कुठे चीर आहे का, क्लिप ढिली आहे का हे पाहिले, कारण तिथून हवा गळली तरी गाडी अशीच दम टाकते. त्यानंतर शागिर्दाला स्कॅनर लावायला सांगितला. पडद्यावर पी ०४०२ आले. म्हणजे ईजीआरमधून गरजेपेक्षा जास्त धूर जातो आहे. पी ०४०१ आला तर उलटे, धूर पुरेसा जात नाही. पी ०४०३ असेल तर वायरिंगची बाजू आणि पी ०४०४ असेल तर व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे हलत नाही. कोड म्हणजे निदान नव्हे, असे उस्ताद शागिर्दाला पुन्हा पुन्हा सांगत होते. कोड फक्त घराचा पत्ता सांगतो, आत जाऊन पाहायचे आपणच.

साफसफाईचे काम मी पूर्ण पाहिले. इंजिन थंड होऊ दिले. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. व्हॉल्व्हचा प्लग अलगद सोडवला. तो वर्षानुवर्षे उष्णतेत राहून ठिसूळ झालेला असतो, हिसका दिला की तुटतो आणि नवा महाग पडतो. बोल्ट सोडवून व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा तो धातूचा आहे हेच ओळखू येत नव्हते. तव्याच्या पाठीसारखा दिसत होता. कार्बन विरघळवणारा स्प्रे मारून दहा मिनिटे ठेवला, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि लाकडी काडीने घासला. शागिर्दाने स्क्रूड्रायव्हर उचलला तर उस्तादांनी हातातून काढून घेतला. बैठकीवर एक ओरखडा पडला तरी व्हॉल्व्ह पुन्हा कधी नीट मिटत नाही. मोटर असलेला भाग त्यांनी वर धरला होता, स्प्रेचा थेंबही तिकडे जाऊ दिला नाही. झडप बोटाने जोर लावून उघडायची नाही हेही त्यांनी बजावले, कारण आतले दाते प्लॅस्टिकचे असू शकतात.

यात जपायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. स्प्रे ज्वालाग्राही असतो, त्यामुळे काम उघड्यावर करायचे आणि आसपास बिडी-सिगारेट नको. हातात मोजे, नाकातोंडावर रुमाल. काजळी फुंकर मारून उडवायची नाही. काही जण इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीत स्प्रे मारतात आणि ‘उघडायची गरजच नाही’ म्हणतात. डिझेल इंजिनात हा प्रकार धोक्याचा आहे. स्प्रे स्वतःच इंधनासारखा पेटतो आणि इंजिन हाताबाहेर पळू शकते.

व्हॉल्व्ह स्वच्छ झाल्यावर उस्तादांनी मॅनिफोल्डचे तोंड आणि ईजीआरचा कूलर तपासला. हा कूलर गरम धुराला पाण्याने थंड करतो. तो आतून गळत असेल तर रेडिएटरचे पाणी काही कारण न दिसता कमी होत राहते, थंड सकाळी पांढरा धूर येतो आणि काजळीचा चिखल होतो. तसे असेल तर नुसता व्हॉल्व्ह घासून काही महिन्यांत पुन्हा तेच. भाईजानच्या गाडीत कूलर ठीक होता. नवी गॅस्केट बसवली (जुनीच लावली तर तिथून धूर फुसफुसतो), बोल्ट आवळले आणि स्कॅनरने जुने कोड पुसून व्हॉल्व्हची शून्य जागा संगणकाला नव्याने शिकवली. ही शेवटची पायरी घाईत राहून जाते. मग गाडी उभ्यानेच डचमळते आणि लोक म्हणतात, साफ करून काही फायदा झाला नाही.

सकाळी अकराला सुरू झालेले काम असरच्या अजानआधी संपले. टर्बोला हातही लावावा लागला नाही.

याच गॅरेजात त्या दुपारी एक ट्रेलरवाले चाचा आले होते. त्यांची मागणी सरळ होती. ‘उस्ताद, साफबीफ करत बसू नका. पत्रा लावून बंदच करून टाका. सगळे तेच करतात.’ व्हॉल्व्हच्या वाटेत पत्र्याची एक चकती बसवायची आणि संगणकात फेरफार करून चेक लाइट विझवायचा, असा हा धंदा आहे. काही शेकड्यांत काम होते. ओढ परत येते, व्हॉल्व्ह पुन्हा चोंदत नाही. खोटे कशाला बोलू, ड्रायव्हरच्या बाजूने पाहिले तर मोह पडावा अशीच ही गोष्ट आहे.

उस्ताद नाही म्हणाले. चाचा म्हणाले, ‘पीयूसी तर मिळते!’ हे खरे आहे, आणि इथेच खरी मेख आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पत्रा लावलेल्या गाडीचा धूर कधी कधी आधीपेक्षा कमी काळा दिसतो, म्हणून ती सहज पास होते. बाहेर पडणारे विष मात्र वाढलेले असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कायद्याच्या बाजूनेही हे निर्धोक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाने गाडीत परवानगी नसलेला फेरफार केला, तर प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बीएस-६ ट्रकांत तर संगणकाला छेडछाड कळली की तो स्वतःच इंजिनाची ताकद उतरवतो.

हाच खेळ एका मोठ्या कंपनीने जगभर केला होता. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. त्यांच्या डिझेल मोटारींतला संगणक तपासणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरती प्रदूषण रोखणारी यंत्रणा नीट चालवायचा. रस्त्यावर आल्यावर ती ढिली सोडायचा. अमेरिकेत काही मोटारींतून मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड निघत होते. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही चलाखी होती. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे टीचर, त्यांनी पण पत्राच लावला, फक्त कॉम्प्युटरमध्ये.’ मी त्याला तिथल्या तिथे शाबासकी दिली.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. हा धूर सर्वांत आधी कोण घेतो? जो रांगेत पुढच्या ट्रेलरच्या मागे खिडकी उघडी टाकून बसलेला असतो तो ड्रायव्हर. दुसरा, खड्ड्यावर वाकून काम करणारा गॅरेजचा पोरगा. तिसरी आमची शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने चालत जाणारी मुले. चाचांनी हे ऐकून घेतले, पटले की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. पण उस्तादांनी साफसफाईची मजुरी दोन हप्त्यांत घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

साफ केलेला व्हॉल्व्ह किती दिवस टिकेल हे पुढच्या सवयींवर आहे. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच हवे. पन्नास-शंभर रुपये वाचवायला सुटे ऑइल टाकले की त्याची वाफ जास्त आणि किटणही जास्त. धुळीच्या यार्डात फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा लागतो. नोझल टिपकत असेल तर काजळीचा कारखाना चालूच राहणार, म्हणून साफसफाईनंतरही धूर काळाच असेल तर नोझल तपासून घ्यावा. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर, योग्य गिअरमध्ये चालवावी, म्हणजे इंजिन आणि धुराची वाट चांगली तापते. भाईजान आता शुक्रवारी सकाळी मासळी उतरवल्यावर पनवेलच्या बाजूने लांबचा फेरा मारून येतात. भाभी म्हणतात, गाडीच्या निमित्ताने त्यांनाही हवा लागते.

बीएस-६ गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. सायलेन्सरमधली काजळीची जाळी भरली की गाडी स्वतःच धूर तापवून ती जाळून टाकते. त्या वेळी समोर तसा दिवा लागतो. ड्रायव्हर घाईत गाडी बंद करतात आणि ते काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले की जाळी तुंबते आणि लक्षणे हुबेहूब ईजीआर चोंदल्यासारखीच दिसतात. म्हणून बीएस-६ गाडीत व्हॉल्व्ह काढण्याआधी जाळीचा दाब स्कॅनरवर पाहून घ्यायला सांगा.

उस्तादांकडे आज जो शागिर्द आहे तो आमच्याच शाळेचा, दहावी होऊन बाहेर पडलेला. पाना त्याच्या हातात छान बसतो, पण स्कॅनरवरचा इंग्रजी मजकूर वाचताना तो अडखळतो. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दोन्ही दहावीनंतर करता येतात. त्याच्या अम्मीला वाटते की पोरगा कमावतो आहे, आता पुन्हा शाळा कशाला. उस्तादांना मात्र तो जावा असे वाटते. ते म्हणाले, ‘मी कानाने इंजिन ओळखतो, पण आताची इंजिने अर्धे बोलणे त्या पडद्यावर करतात.’ अर्ज भरायची वेळ आली की त्याच्या अम्मीशी मी बोलणार आहे. तोवर ईजीआरच्या चार कोडांचे अर्थ मी त्याला एका कागदावर उर्दूत आणि मराठीत लिहून दिले आहेत. तो कागद उस्तादांनी प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर, पाने टांगतात त्या फळीच्या वर चिकटवला आहे.